सातवं कलम

लाझे, १५ फेब्रुवारी, सोमवार

येर्नेय,

सकाळी पावणेसहाच्या बसने प्तुयला गेले, तिथून रेल्वेने राजधानीत, ल्युब्लियानाला. साडेदहाला संसदेच्या आवक विभागात कागद दिले. खिडकीमागच्या बाईंनी पानं मोजली, शिक्का मारला, पोच दिली. सव्वाअकराला मी परत रस्त्यावर होते. स्टेशनवर चीज भरलेला बुरेक खाल्ला आणि परतीची गाडी पकडली. घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. कोंबड्या आत घातल्या.

दोन वर्षं चार महिन्यांनी तुला लिहिते आहे. तू वाचशील की नाही ते ठाऊक नाही. ब्रिगिटाकडून तुमचा ग्राझचा पत्ता घेतला. तिने दिला.

आज मी एक विधेयक दाखल केलं. ट्रॅक्टरच्या कमानीचा कायदा व्हावा असं; सध्या ती फक्त वर्षाच्या तपासणीपुरती लागते. कायदा सुचवायला आपल्याकडे सरकार लागतं, नाहीतर एखादा खासदार, नाहीतर पाच हजार मतदारांच्या सह्या. सरकारला मी तीन पत्रं लिहिली होती. तिन्हींची उत्तरं आली आणि तिन्हींत माझ्या दुःखाबद्दल सहानुभूती होती. म्हणून आता सह्या. अध्यक्षांनी तारीख दिली की तिथून साठ दिवस मिळतील.

एकूण अकरा कलमं आहेत. पहिल्यात व्याख्या: ‘सीटमागे बसवलेली लोखंडी कमान, जिच्यामुळे ट्रॅक्टर उलटला तरी चालकाच्या डोक्यावर जागा राहते.’ ही व्याख्या लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पुढच्या कलमांत कमान कोणत्या ट्रॅक्टरला हवी, किती जाड हवी, जुन्या ट्रॅक्टरांना किती मुदत, असं सगळं. सातव्यात एवढंच: कमानीवर त्याच ट्रॅक्टरचा नंबर ठोकलेला असला पाहिजे. प्तुयच्या वकिलाने बाकी कलमं तपासून दिली. सातव्यापाशी तो थांबला. म्हणाला, “हे कशाला?” मी म्हटलं, “राहू द्या.”

लुडविकला दफनभूमीत पोचवून आल्यावरच्या जेवणात, वीस माणसांसमोर, मी तुला, सख्ख्या भावाला, म्हणाले होते, “बिनकमानीचा ट्रॅक्टर अंगणात ठेवलास. तूच मारलंस माझ्या नवऱ्याला.” तू चमचा खाली ठेवलास आणि उठून गेलास. तुझं सूप तसंच राहिलं. पोलिसांच्या कागदावर तुझं वाक्य आहे: ‘गोठ्याचं दार बुटकं आहे, कमानीसकट ट्रॅक्टर आत जात नाही, म्हणून मीच काढून ठेवली होती.’ कोर्टाने तुला सहा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. तू गाव सोडलंस, ब्रिगिटाला घेऊन सीमेपलीकडे गेलास.

त्याबद्दल आज लिहीत नाही. एवढंच कळवायचं होतं की विधेयक दाखल झालं आणि ते मंजूर होईल. मी औषधाच्या दुकानात सव्वीस वर्षं उभी आहे. माणूस एखादी गोष्ट घेणार की नाही हे मला त्याच्या हाताकडे बघून कळतं. लोक हे घेतील.

दारिंका


लाझे, २३ एप्रिल, शनिवार

येर्नेय,

मुदत काल संपली. पाच हजार तीनशे बारा सह्या झाल्या.

घरोघर कागद फिरवून चालत नाही. ज्याला सही करायची त्याने ओळखपत्र घेऊन स्वतः सरकारी कार्यालयात जायचं आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची. पेरणीच्या दिवसांत हालोझेच्या टेकड्यांवरून माणसाला प्तुयपर्यंत न्यायचं म्हणजे काय, तुला सांगायला नको. मी दुकानातून तीन आठवडे रजा घेतली. बाजारात उभी राहिले, चर्चबाहेर उभी राहिले, बी-बियाण्याच्या गोदामाबाहेर उभी राहिले. मला चारचौघांत बोलता येत नाही हे लोकांना माहीत आहे. कदाचित त्यामुळेच ऐकलं त्यांनी.

त्सिरिल मात्र ऐकेना. गेल्या गुरुवारी अग्निशमन दलाच्या अंगणात ट्रॅक्टरांची तपासणी होती, तिथे त्याला गाठलं. तपासनीस आत त्सिरिलच्या बायकोने केलेला अक्रोडाचा केक खात बसला होता आणि शेडमागे नेहमीचं काम चाललं होतं. एकाची कमान काढायची, चार नट सोडवायचे, दुसऱ्याला लावायची. सात ट्रॅक्टर, एक कमान. हल्ली निळी आहे. लाल ट्रॅक्टरवर निळी, हिरव्यावर निळी, गंजक्यावरही निळीच.

“काय गं दारिंका, सही ना?” त्सिरिल ट्रॅक्टरखालून म्हणाला. “थांब जरा. आधी कमान फिरू दे.”

“लाज नाही वाटत?”

“लाज कसली? पूर्वी गावात लग्नाचा एकच काळा कोट असायचा. ज्याचं लग्न त्याने घालायचा. कुणी विचारलं का कधी, कोट कुणाचा?”

तेवढ्यात तपासनीस ओठ पुसत बाहेर आला. सातवा ट्रॅक्टर बघून म्हणाला, “छान. लाझेच्या लोकांना निळा रंग फारच आवडतो. मागच्या वर्षीही आवडत होता.” सगळे हसले. तोही हसला आणि त्याने सही केली.

मी हसले नाही. त्सिरिलच्या ते लक्षात आलं. पान्हा पुसत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “हे नट सोडवायला लुडविकच असायचा. त्याच्याइतकं पटापट कुणाला जमत नाही.” मग म्हणाला, “सही करतो मी. या सातही जणांना गाडीत घालून नेतो. पण ते सातवं कलम तेवढं काढ बाई.”

“का?”

“का ते तुला माहीत आहे. त्या वेळी सगळं गाव गप्प बसलं. मी बसलो, ते बसले. तूही बसलीस. मग आता कशाला?”

मी म्हटलं, “सातवं राहणार.”

त्याने टोपी डोक्यावर घातली. “मग मी ते वाचलं नाही असं समज,” म्हणाला, आणि खरंच सगळ्यांना प्तुयला घेऊन गेला.

निळीच्या आधी सात ट्रॅक्टरांवर फिरायची ती कमान कुणाची होती, हे तुला माहीत आहे.

दारिंका


लाझे, २७ मे, शुक्रवार

येर्नेय,

काल पहिलं वाचन झालं.

विधेयक मांडण्याचा मान सह्या गोळा करणाऱ्यांच्या प्रतिनिधीला असतो. मला बोलायला वेळ भरपूर होता. मी चार मिनिटं बोलले. लुडविकचं नाव एकदा घेतलं. वय सांगितलं, चोपन्न. उताराचा कोन सांगितला. मग बसले.

पहिल्या वाचनात कलमांवर चर्चा नसते. असा कायदा असावा का, एवढंच ठरतं. समितीच्या कार्यालयात नेझा नावाची एक तरुण अधिकारी आहे, ती मला सगळं समजावते. म्हणाली, “बाई, पहिलं वाचन म्हणजे पाहुण्याला दारातून आत घेणं. कोट काढायला लावून खिसे तपासायचे ते दुसऱ्या वाचनात.”

अठ्ठावन्न बाजूने, अकरा विरोधात. आता शेती समितीकडे जाईल. तिथे एकेका कलमावर मतदान. मग पुन्हा पूर्ण सभागृह, मग तिसरं वाचन, तिथे अख्ख्या विधेयकावर एकच मत.

समितीतले एक सभासद पुशेन्याक म्हणून आहेत, ल्युटोमरकडचे शेतकरी. दारात मला अडवून म्हणाले, “अठरा हेक्टर करतो मी. तुमच्या कायद्याने माझ्या सफरचंदाच्या सगळ्या फांद्या मोडतील.”

मी म्हटलं, “कमान दुमडता येते. पाचवं कलम.”

“वाचलंय मी पाचवं. तुम्ही ट्रॅक्टर चालवलाय कधी?”

“नाही.”

“वाटलंच,” म्हणाले आणि गेले. माणूस वाईट वाटला नाही. ज्याने पाचवं कलम वाचलंय तो सातवंही वाचेल.

दारिंका


लाझे, ४ जुलै, सोमवार

येर्नेय,

हे पत्र शांतपणे वाच. उभ्याने वाचू नकोस.

आज दुपारी नेझाचा फोन आला. संसदेच्या कायदा विभागाने मत दिलं आहे: दहा कलमं ठीक, सातवं अनावश्यक. ‘कमान एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्यावर नेली जाते याचा कोणताही पुरावा नाही, सिद्ध न झालेल्या गैरप्रकारासाठी नागरिकांवर बंधन घालणं योग्य नाही.’ सरकारचंही तेच मत. समितीच्या अध्यक्षबाईंनी सातवं कलम वगळण्याची दुरुस्ती देऊन ठेवली आहे. गुरुवारी सकाळी दहाला मतदान.

नेझा म्हणाली, “सातवं सोडून द्या ना बाई. बाकीचं दहाच्या दहा अलगद पार होईल.”

मी म्हटलं, “सातव्याशिवाय बाकीच्यांचा उपयोग नाही. तपासणीच्या दिवशी सगळ्यांकडे कमान असतेच.”

“मग पुरावा द्या. एखादं तरी उदाहरण. नाव-गाव असलेलं.”

मी म्हटलं, “एक आहे.”

येर्नेय, तुझ्या गोठ्याचं दार बुटकं नाही. दोन मीटर ऐंशी आहे. वडिलांनी ते बसवलं तेव्हा टेपचं एक टोक मी धरलं होतं. पोलिसांना ते मोजावंसं वाटलं नाही.

त्या वर्षी तपासणीला शेवटचा ट्रॅक्टर आमचा होता. तुझी कमान सगळीकडे फिरून आमच्यावर आली. तपासणी झाल्यावर लुडविकने ती उतरवली आणि धान्याच्या खोलीत टोपल्यांमागे ठेवली. मे महिन्यात तू फोन केलास, “ताई, माझी कमान राहिली तुझ्याकडे.” जूनमध्ये केलास. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा केलास. प्रत्येक वेळी मी तेच म्हणाले, “रविवारी जेवायला ये आणि घेऊन जा.” आई गेल्यापासून तू आमच्याकडे जेवला नव्हतास, ते माझ्या मनात होतं. तू आला नाहीस. पण आपल्या घरांमध्ये दोन किलोमीटर आहेत. मी ती गाडीत घालून केव्हाही आणून देऊ शकले असते. हट्टाने दिली नाही.

मग ऑक्टोबरात आमच्या ट्रॅक्टरचा क्लच गेला. द्राक्षं वेलीवर होती. तू कामावर होतास. लुडविकने तुझ्या खिळ्यावरची किल्ली घेतली, मला विचारून घेतली. मी म्हटलं, “ने.” कमान कुठे आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोघांनाही ती त्या क्षणी आठवली नाही. खरं सांगायचं तर मला आठवली होती. वाटलं, एका फेरीने काय होतंय.

पोलीस आले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि दाराचं ते वाक्य बोललास. मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही. आणि चार दिवसांनी सगळ्यांसमोर तुला जे बोलले ते यासाठी बोलले, की तू बोलू नयेस. तू बोलणार नव्हतासच, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी मी हे समितीत सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. तू माझ्यासाठी खोटं बोललास त्याची परवानगी तूही मागितली नव्हतीस. फक्त तुला दुसऱ्याकडून कळू नये.

दारिंका


लाझे, ८ जुलै, शुक्रवार

येर्नेय,

काल समितीची बैठक दहाला सुरू झाली. पंधरा सभासद, सगळे हजर. सहाव्या कलमापर्यंत वीस मिनिटं लागली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, “सातवं. वगळण्याची दुरुस्ती आहे. कुणाला बोलायचंय?”

पुशेन्याकांनी माईक ओढला. “मी चाळीस वर्षं शेती करतोय. कमान म्हणजे काय वाटीभर साखर आहे का, शेजारणीकडून उसनी आणायला? साठ किलोचं लोखंड ते! कोण देतं, कोण घेतं?”

दोघे-तिघे हसले.

मी हात वर केला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “बोला.”

मी म्हटलं, “मी घेतली होती.”

“काय घेतली होती?”

“कमान. माझ्या भावाच्या ट्रॅक्टरची. आमच्या तपासणीसाठी. ती सहा महिने माझ्या घरात पडून होती. त्याने तीनदा मागितली. माझा नवरा त्याच ट्रॅक्टरखाली गेला. त्या वेळी कमान दोन किलोमीटरवर माझ्या टोपल्यांमागे होती.”

कुणी हसलं नाही. मी पुढे सांगितलं की कोर्टाने शिक्षा भावाला दिली, त्याने दोष स्वतःवर घेतला, मी घेऊ दिला. तारखा सांगितल्या. गावातल्या इतर कुणाचं नाव सांगितलं नाही; मला फक्त माझं सांगायचा अधिकार आहे. एका सभासदाने विचारलं, “तुम्ही जे बोलताय त्याचे कायदेशीर परिणाम होऊ शकतात, कल्पना आहे ना?” मी म्हटलं, “आहे. टिपणात घ्या.”

मग म्हटलं, “कमानीवर नंबर ठोकलेला असता तर आमचा ट्रॅक्टर त्या तपासणीत नापास झाला असता. मग भावाच्या ट्रॅक्टरवरून ती उतरवायचं कारणच पडलं नसतं. सातवं कलम एवढ्याचसाठी आहे.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. पाच मिनिटांची सुटी दिली.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी पुशेन्याक आले. दोन कप घेतले, एक माझ्या हातात दिला. साखर न विचारता घातली होती.

“आमच्याकडे ती अग्निशमन दलाच्या शेडमध्ये असते,” म्हणाले.

“काय?”

“कमान. भिंतीवर टांगलेली. खाली पाटी लावलीय, ‘वापरून जागेवर ठेवावी’.” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “गेल्या एप्रिलात मीच पाटी रंगवली. आणि आत तोंड वर करून विचारतोय, कोण देतं, कोण घेतं.”

“मग आता?”

“आता काय! माझ्या मतदारसंघात मला लोक शिव्या घालतील. घालू देत. शिव्या खाऊन कुणी ट्रॅक्टरखाली जात नाही.”

मतदानात वगळण्याची दुरुस्ती पडली. पाच बाजूने, दहा विरोधात. सातवं कलम जसंच्या तसं राहिलं.

काल संध्याकाळी ब्रिगिटाचा फोन आला. बैठक थेट दाखवतात, तू गॅरेजमध्ये उभ्या उभ्या फोनवर बघत होतास म्हणाली. “मग हात न धुताच बाहेर गेला. दोन तास आला नाही. आल्यावर म्हणाला, काही नाही.” मी तिला म्हटलं, त्याला काही विचारू नकोस. आपण दोघंही न बोलणारी माणसं. ते वडिलांचं.

दारिंका


लाझे, २१ जुलै, गुरुवार

येर्नेय,

तीन गोष्टी.

सोमवारी, ११ तारखेला, मी प्तुयच्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. अधिकारी तरुण होता. म्हणाला, “बाई, ते प्रकरण बंद झालंय.” मी म्हटलं, “मग उघडा.” त्याने दोन ठिकाणी फोन केला आणि मग टाइप करायला बसला. चार पानं झाली. कागद सरकारी वकिलांकडे गेले आहेत.

१४ तारखेला तिसरं वाचन झालं. त्रेचाळीस बाजूने, तीस विरोधात. विधेयक मंजूर. पुशेन्याकांनी लांबून हात केला.

आणि काल वरच्या सभागृहाने ते परत पाठवलं. तिथे गावांचे आणि धंद्यांचे प्रतिनिधी बसतात. त्यांना कायदा मोडीत काढता येत नाही, पण सात दिवसांत ‘पुन्हा विचार करा’ असं म्हणता येतं. म्हातारे शेतकरी अडचणीत येतील, असं कारण दिलं आहे. नेझाचा आवाज पडला होता. म्हणाली, आता पुन्हा मतदान होईल, पण या वेळी जास्त मतं असून भागणार नाही. एकूण नव्वद खासदार. त्यांतल्या सेहेचाळीस जणांनी ‘हो’ म्हटलंच पाहिजे. “जो आला नाही, तो विरोधात मोजला जातो, बाई.”

तीन कमी आहेत. मतदान सप्टेंबरात. तोवर मी गैरहजर राहिलेल्या सतरा जणांना पत्रं लिहिणार आहे. एकेकाला वेगळं, हाताने. दुकानात मी लोकांना गोळी कधी घ्यायची ते लिहून देते, तेवढंच सोपं लिहीन.

दुकानात दोन बायका माझ्या खिडकीवर यायच्या थांबल्या, पलीकडच्या रांगेत उभ्या राहतात. त्सिरिलची बायको मात्र काल येऊन पूर्ण वेळ माझ्याच रांगेत उभी राहिली. तिला फक्त खोकल्याचं औषध हवं होतं आणि पलीकडची रांग रिकामी होती.

दारिंका


ल्युब्लियाना, २२ सप्टेंबर, गुरुवार

येर्नेय,

हे स्टेशनच्या बाकावरून लिहिते आहे. गाडीला चाळीस मिनिटं आहेत.

दुपारी तीनला मतदान होतं. मी वर प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. अडीचला खाली मोजले तर ओळखीचे ‘हो’वाले चव्वेचाळीसच दिसले. दोन कमी. पुशेन्याक दारात फोन कानाला लावून उभे होते. आवाज वरपर्यंत येत होता.

“कुठे आहेस? ... द्राक्षमळ्यात? अरे आज गुरुवार आहे! ... द्राक्षं उद्याही गोडच लागतील रे, पळून जात नाहीत ती! ... बूट बदलू नकोस, तसाच ये!”

मग दुसरा फोन. “बाईसाहेब, तुम्हाला मतदारसंघात औषधाचं दुकान हवंय, त्या वेळी माझंही मत लागेल. ... नाही नाही, धमकी कसली! विनंती आहे.”

तीन वाजायला सात मिनिटं असताना पिवळ्या चिखलाचे बूट घातलेला एक खासदार आत आला. पहारेकऱ्याने बुटांकडे बघितलं आणि आत सोडलं. तीन वाजायला दोन मिनिटं असताना निळ्या कोटातल्या एक बाई आल्या. आणि ज्यांना मी पत्र लिहिलं होतं पण उत्तर आलं नव्हतं, असे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत येऊन शेवटच्या रांगेत बसले. ते कोणत्या बाजूने मत देतील ते मला माहीत नव्हतं.

अध्यक्षांनी प्रश्न वाचला. दिवे लागले. फलकावर आकडा आला: सत्तेचाळीस.

खाली कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढचा विषय मच्छीमारांच्या परवान्यांचा होता, तो लगेच सुरू झाला. नेझाने वर येऊन माझा हात हातात घेतला. हात थंड होता तिचा. म्हणाली, “आता राष्ट्राध्यक्षांची सही, मग राजपत्र, मग पंधराव्या दिवशी लागू. आता कुणी अडवत नाही.”

मी म्हटलं, “माहीत आहे.”

बाहेर आले तर फोनवर तुझा संदेश होता. जवळजवळ तीन वर्षांतला पहिला. त्यात फक्त ‘४७’ लिहिलं होतं. मी पायऱ्यांवरच थांबले. उत्तर टाइप केलं, पुसलं. मला फोनवर लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

गाडी लागली.

दारिंका


लाझे, १५ ऑक्टोबर, शनिवार

येर्नेय,

राष्ट्राध्यक्षांनी २९ तारखेला सही केली. ३० तारखेच्या राजपत्रात छापून आलं. आज पंधरावा दिवस, आजपासून कायदा लागू.

राजपत्राचा अंक मी मागवला होता. बारीक अक्षरात दीड पान. लुडविकचं नाव कुठे नाही, माझं नाही, तुझं नाही. तसंच असायला हवं. सातवं कलम दोन ओळींचं आहे. एक स्वल्पविराम त्यांनी बदलला आहे, बरोबरच बदलला आहे.

प्तुयच्या कोर्टाचं पत्र आलं, तुझ्याकडेही आलं असेल. तुझं प्रकरण ते पुन्हा उघडणार आहेत, नोव्हेंबरात तारीख आहे. सरकारी वकील म्हणाले, तुझी शिक्षा राहणार नाही असं त्यांना वाटतं. माझं काय व्हायचं ते वेगळं ठरेल. मी वकील केला आहे, तोच, ज्याने ‘हे कशाला’ विचारलं होतं. आता विचारत नाही.

तुझी कमान धान्याच्या खोलीतून काढून मी पोलिसांना दिली. पुरावा म्हणून ठेवून घेतली त्यांनी. पावती सोबत पाठवते आहे. सुटली की ती तुलाच मिळेल. वापर किंवा भंगारात दे. मला विचारू नकोस.

आज सकाळी काही खास घडलं नाही. रेडिओवर बातम्यांत फुटबॉल होता आणि पूल दुरुस्तीला बंद असल्याचं सांगितलं. दहाच्या सुमारास त्सिरिल नवी कमान लावून माझ्या कुंपणाजवळून गेला. दुमडायची विसरला. अक्रोडाची खालची फांदी काडकन मोडली, पानं त्याच्या अंगावर.

ट्रॅक्टर थांबवून ओरडला, “बघ! बघ तुझ्या कायद्याने काय केलं!”

मी म्हटलं, “पाचवं कलम वाच.”

“कायदा केलास तर झाडं तोडून ठेवायची होतीस आधी!” मग खाली उतरून फांदी बाजूला ओढली, कमान दुमडली, पुन्हा बसला. दहा पावलं गेल्यावर थांबला, उतरला, कमान सरळ उभी केली आणि गेला. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

नोव्हेंबरात कोर्टाला येशील तेव्हा गाडी प्तुयला सकाळी नऊला पोचते. मी स्टेशनवर येणार नाही, तुला गर्दी आवडत नाही. कोर्टात भेटू. नंतर जेवायचं असेल तर घर उघडं आहे. नसेल तरी चालेल. या वेळी मी अट घालत नाही.

दुपारनंतर भोपळे फोडले. मागची दोन वर्षं वेलीवरच कुजू दिले होते. यंदा छत्तीस निघाले. कुऱ्हाडीने दोन तुकडे करायचे, हात आत घालून तेलासाठी बिया ओढायच्या, गर कोंबड्यांना. पाठ दुखली, पण संपवले. बिया तीन पाण्यांत धुतल्या, धान्याच्या खोलीत चादरीवर पसरल्या, एकेक चिकटलेली हाताने मोकळी केली. खिडकी उघडी ठेवली, वारा लागायला. मग हात धुतले आणि बटाटे उकडायला ठेवले.

दारिंका